सरसकट

नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, असं सासूबाईंनी मला लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी सांगितलं होतं. पण ही गोष्ट ‘हे’ आणि ‘ते’ करत सांगायला बसले, तर फाटकाच्या आत कोण आणि बाहेर कोण, याचा पत्ता लागायचा नाही. तेव्हा श्यामसुंदर. सासूबाई आता वर आहेत, त्यांना काय वाटायचं ते वाटो.

श्यामसुंदर विमा कंपनीत होते, क्लेमच्या खात्यात. लोकांच्या मागण्या वाचायच्या आणि बारीक अक्षरातल्या कुठल्या अटीत त्या अडकतात ते शोधायचं, हे त्यांचं काम. वीस वर्षं अटी आणि अपवाद वाचून त्यांचं ठाम मत झालं होतं, की जगातली सगळी भानगड अपवादांमुळे होते. “सुईएवढा अपवाद ठेवला, की लोक त्यातून हत्ती बाहेर काढतात,” असं ते म्हणायचे. नियम कसा हवा, तर सरसकट. हा त्यांचा लाडका शब्द. ईश्वरी, आमची मुलगी, शाळेत असताना तिला एकदा टीव्ही बघण्यावरून ओरडले, तर त्या आठवड्यात घरात कोणीच टीव्ही लावला नाही. स्वतःच्या बातम्यासुद्धा नाहीत. आम्ही दोघी हसायचो. तेव्हा हसण्यासारखं होतं.

चौऱ्याण्णव सालच्या हिवाळ्यात सायन-पनवेल हायवेवर सांडलेल्या डिझेलवरून त्यांची स्कूटर घसरली. कमरेखालचं अंग गेलं ते गेलंच. कंपनीने घरी बसवलं. ईश्वरी पुण्याला हॉस्टेलवर. आम्ही नेरूळचा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट देऊन त्याच सोसायटीत तळमजल्याचा घेतला आणि चाकाची खुर्ची आणली.

खुर्ची आणल्यावर मला कळलं, की मी कुठे राहते. गिरगावातून इकडे येताना सगळ्यांनी सांगितलं होतं, नवी मुंबई म्हणजे कशी आखून-रेखून वसवलेली. खरं होतं. आखून-रेखून पायऱ्या केल्या होत्या. पोस्टाला चार, बँकेला सहा, गणपतीच्या देवळाला तर मोजू नयेत. किराण्याच्या दुकानाला एकच, पण ती गुडघ्याएवढी. फुटपाथ होता, तो दर दहा पावलांवर खाली उतरून पुन्हा वर चढायचा. जिथे जाऊ तिथे दोन माणसं पुढे यायची, एक म्हणायचा “मी पकडतो,” दुसरा म्हणायचा “तुम्ही मागून धरा.” श्यामसुंदर खुर्चीत डोळे मिटून घ्यायचे. लोक चांगले होते, त्यात वाद नाही. पण उचलला जाणारा माणूस आणि उचलणारा माणूस यांच्यात पुढे सरळ बोलणं होत नाही, हे मी तिथे शिकले. तीन महिन्यांत त्यांनी बाहेर जाणं बंद केलं. गॅलरीत बसायचे. पेपर वाचून झाला की घडी घालायचे आणि पुन्हा उघडायचे.

मग शहाण्णवमध्ये बांधावर ट्रॅक झाला.

आमच्या सेक्टरच्या टोकापासून शिरवणे गावाच्या मागच्या अंगापर्यंत जुना मातीचा बांध होता. खाडीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून गावकऱ्यांनी पूर्वी कधीतरी घातलेला. शेतं गेली, त्यांवर आम्ही राहायला आलो, बांध तेवढा उरला होता. त्याच्यावर गुळगुळीत काँक्रीट घातलं, मधोमध पांढरी रेघ मारली, एका बाजूने चालणारे, दुसऱ्या बाजूने सायकलवाले. आणि कोणाच्या डोक्यात देव शिरला होता कोण जाणे, आमच्या बाजूने वर चढायला पायऱ्या न करता लांबलचक उतार केला.

पहिल्या दिवशी मी खुर्ची ढकलत नेली. उतार संपून वर आलो आणि मी खुर्ची थांबवली. डावीकडे खाडी, तिवरांची दाट हिरवी किनार, ओहोटीचा चिखल चमकत होता आणि त्यात बगळे चालले होते. उजवीकडे कोणाची तरी अजून न गेलेली भाताची खाचरं. समोर लांबवर पारसिकचे डोंगर. पाच वर्षं मी नेरूळमध्ये राहत होते, पण भिंती आणि पाण्याच्या टाक्या सोडून काही पाहिलं नव्हतं. श्यामसुंदर म्हणाले, “सोड.” मी म्हटलं, “काय?” म्हणाले, “हात सोड. बघू दे.” मी सोडले. त्यांनी चाकांच्या कड्यांना हात घातले आणि खुर्ची पुढे गेली. वाकडी गेली, रेघ ओलांडून सायकलवाल्यांत शिरली, पण गेली. मी मागे उभी राहून रडले. त्यांनी पाहिलं नाही, ते बरं झालं.

महिन्याभरात ते एकटे जायला लागले. वजनं उचलणाऱ्यांचे असतात तसले अर्धे हातमोजे मागवले. सकाळी साडेसहाला निघायचे, उतार स्वतः चढायचे. चढताना मानेच्या शिरा फुगायच्या, पण मी मागे गेले तर ओरडायचे. येताना घामाघूम, भूक लागलेली, तोंडात बातम्या. आज खंड्या दिसला, चोचीत मासा. आज पाणी पार बांधाला लागलंय. जेवताना बोलायला लागले, माझ्या आमटीला नावं ठेवायला लागले. मला माझा नवरा परत मिळाला होता. त्या काँक्रीटच्या पट्टीवर त्यांना कोणाचीही गरज नव्हती, माझीसुद्धा नाही, आणि याच्याइतकी सुखाची गोष्ट दुसरी नव्हती.

ट्रॅकवर फिरणाऱ्या अकरा सोसायट्यांनी मिळून समिती केली. असं काही दिसलं की समिती करायची, हा आपला धर्मच. अध्यक्ष दिनानाथ कर्णिक, रिटायर्ड, कडक इस्त्री, सकाळी फिरताना सगळ्यांच्या पाठीवर थाप मारणारे. चिटणीस श्यामसुंदर. मला बरं वाटलं, की माणूस पुन्हा कशाचा तरी कोणी तरी झाला.

आता ट्रॅकचं दुसरं टोक. तिथे शिरवणे गाव. गावातल्या लोकांच्या दृष्टीने ट्रॅक वगैरे काही झालेला नव्हता, त्यांच्या बांधावर सिमेंट पडलं होतं एवढंच. ते पूर्वी जायचे तसेच जात राहिले. बायका डोक्यावर म्हावऱ्याच्या पाट्या घेऊन मधूनच चालायच्या, पांढरी रेघ कशासाठी आहे याचा विचार न करता. एखादी म्हैस. पोरांच्या लूना. गोजराबाई त्याच वाटेने आमच्या कोपऱ्यावर कोलंबी विकायला यायची. मी तिला एकदा विचारलं, “सिमेंटवर चालायला बरं वाटतं ना?” ती म्हणाली, “पाय तापतात बाई. माती बरी व्हती.”

फिरणाऱ्यांची कुरकुर सुरू झाली. वास येतो, शेण पडतं, आपण चालायला येतो की बाजारात. श्यामसुंदर त्यात नव्हते. त्यांच्या चाकाला एक-दोनदा शेण लागलं तरी गंमत म्हणून सांगायचे. बदल झाला तो पडल्यावर.

सप्टेंबरची सकाळ, मीही त्या दिवशी मागून चालत येत होते. गोजराबाईचा मुलगा शिवा, गावात त्याचं ग्रिल आणि गेट बनवायचं वर्कशॉप, तो एम-एटीवर मागे दोन टोपल्या बांधून समोरून आला. टोपलीची कड खुर्चीला लागली. खुर्ची कलंडली आणि श्यामसुंदर बांधाच्या गवतात. फार लागलं नव्हतं, कोपर खरचटलं. शिवाने गाडी टाकली, धावत आला. “दादा, लागला काय वो? माजा लक्ष नव्हता, माजीच चूक.” आणि कोणी काही म्हणायच्या आत त्याने त्यांना दोन्ही हातांवर उचललं. एक हात मानेखाली, एक गुडघ्यांखाली. पाय लोंबत होते. भोवती सकाळचे तीस-चाळीस लोक उभे, कर्णिकसुद्धा. खुर्ची दुसऱ्या कोणी तरी सरळ करेपर्यंत शिवा त्यांना तसाच धरून उभा राहिला. वर म्हणाला, “दादा तुमी तर एकदम हलके हाव.” चांगल्या मनाने म्हणाला. मी श्यामसुंदरांचं तोंड पाहिलं आणि मला कळलं, की आता हे काही चांगलं होत नाही.

घरी आल्यावर कोपराला आयोडीन लावताना ते म्हणाले, “त्या लोकांचा बंदोबस्त केला पाहिजे.” मी म्हटलं, “त्या लोकांचा म्हणजे?” त्यांनी बाही खाली ओढली.

पुढच्या रविवारी समितीची मीटिंग आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये झाली. चिटणिसांना यायला सोपं म्हणून तिथेच व्हायची. मी चहा देत होते. विषय एकच, गाड्या आणि गुरं ट्रॅकवर येऊ नयेत. श्यामसुंदरांनी चक्री फाटकाची कल्पना मांडली. उद्यानांना असतं तसं, आडव्या दांड्यांचं, पण डोक्यालगत वर चौकट असलेलं, एक माणूस आत शिरला की फिरणारं. त्यातून म्हैस जात नाही, लूना जात नाही, डोक्यावर पाटी असली तर बाईसुद्धा जात नाही. हे शेवटचं ते बोलले नाहीत, पण कळायचं ते सगळ्यांना कळलं.

कोणी तरी म्हणालं, “गावाच्या टोकाला बसवलं तर गाववाले बोंब मारतील. आमच्याच वाटेवर आम्हाला अडवता म्हणतील.”

श्यामसुंदर ताठ बसले. हा त्यांचा प्रांत होता. “मग दोन्ही टोकांना बसवू. आपल्याही आणि त्यांच्याही. नियम सरसकट. कोणाचाही, कोणत्याही कारणाने अपवाद नाही. मग कोणी बोट दाखवायची सोयच नाही.”

टाळ्या पडल्या. कर्णिक म्हणाले, “याला म्हणतात डोकं.” माझ्या हातात ट्रे होता. एवढ्या शिकल्यासवरल्या तीसएक माणसांत एकालाही काही खटकलं नाही, आणि ती टाळ्या घेणारी खुर्ची सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती.

पार्किंगमधून आमच्या दारापर्यंत जाताना मी विचारलं, “फाटकातून तुमची खुर्ची कशी जाणार?”

“माझ्यासाठी बाजूला छोटं गेट ठेवतील.”

“मग ते सरसकट कसं?”

ते थांबले. कुलूप काढायला मी पुढे झाले तेव्हा मागून म्हणाले, “चिटणिसाला बाहेर ठेवून फाटक कोण लावेल? तू उगाच टेन्शन घेतेस.”

वाशीच्या एका भांड्यांच्या व्यापाऱ्याने फाटकं देणगी दिली, त्यावर आपल्या आईचं नाव कोरून. दिवाळीनंतर ती बसली. पहिल्या सकाळी मी मुद्दाम त्यांच्याबरोबर गेले. उतार ते एकटे चढले, नेहमीसारखे. वर फाटक. दोन्ही बाजूंना बांधाच्या कडेपर्यंत लोखंडी रेलिंग. मधे चक्री, आणि चक्रीला एक सडपातळ माणूस जाईल एवढीच जागा. बाजूला गेट नव्हतं.

कर्णिक आतल्या बाजूला उभे होते. त्यांनाही जरा चोरट्यासारखं झालं असावं. म्हणाले, “फॅब्रिकेटरने साईड गेट सुचवलं होतं हो. पण मग त्यातून एम-एटी शिरणार. आणि तुम्हीच म्हणालात, सरसकट. मी सगळ्यांना तेच सांगितलं, आपल्या चिटणिसांनी स्वतःलासुद्धा सोडलं नाही.”

श्यामसुंदर फाटकाकडे बघत होते.

“आम्ही आहोत ना,” कर्णिक म्हणाले. “चौघं मिळून रोज उचलून आत घेऊ. दोन मिनिटांचं काम. ए, या रे इकडे.” आणि खरंच चार माणसं हात झटकत पुढे आली.

“नको,” श्यामसुंदर म्हणाले. “आज मला काम आहे.” खुर्ची वळवली आणि उतरले.

माणूस स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतो म्हणतात. यांना पायांत काही जाणवतच नव्हतं, तेव्हा धोंडा पडल्याचं कबूल करायचीही गरज पडली नाही. दुसऱ्या दिवशी साडेसहाला ते उठले, दाढी केली, हातमोजे घातले आणि गॅलरीत जाऊन बसले. तिसऱ्या दिवशी हातमोजे घातले नाहीत. मी म्हटलं, कर्णिकांना सांगा, एक गेट करून द्या, किल्ली आपल्याकडे ठेवू. ते म्हणाले, “ठराव मी मांडलाय.” मी म्हटलं, मी सांगते. तर माझ्याकडे असं बघितलं की मी भाजी चिरायला घेतली. माझंही चुकलं नाही असं नाही, पण ज्याचा ठराव त्याची जबाबदारी. प्रत्येक वेळी बाईनेच का जाऊन रडायचं?

समितीचं काम मात्र चालू. कर्णिक येऊन गॅलरीतच बसायचे, चहा प्यायचे. आज ट्रॅकवर काय हवा होती म्हणून सांगायचे. ट्रॅक कसा स्वच्छ झाला, किती शांत झाला. श्यामसुंदर मान डोलवायचे. एकदा त्यांनी विचारलं, “खंड्या दिसतो का?” कर्णिक म्हणाले, “कोण खंड्या?”

गावाच्या टोकाचं फाटक आठ दिवससुद्धा टिकलं नाही. त्याची हकीकत मला गोजराबाईकडून कळली. ती आता हायवेच्या अंगाने वळसा घालून यायची. “मग बांधावरून का येत नाही?” मी विचारलं, “तुमच्या बाजूचं तर काढलंत म्हणे.”

“तुमचे बाजूचा हाय ना. डोईवरची पाटी उतरवाची कोनी?” ती कोलंबी निवडत म्हणाली. “आमच्या अंगाचा शिवाने कापला. गावदेवीचे पालखीला आडवा आला. पालखी काय एकेक मानूस करून नेवाची?”

मी घरी येऊन कोलंबी तशीच ओट्यावर ठेवली. एका टोकाला वाट मोकळी होती. गावातून वळसा घालून गेलं तर यांना बांधावर जाता येणार होतं. रस्ता खडबडीत, पण शिवाकडे टेम्पो होता. मी दुसऱ्याच दिवशी त्याच्या वर्कशॉपवर गेले. तो वेल्डिंगचा चष्मा वर करून ऐकत राहिला. सगळं ऐकल्यावर म्हणाला, “वैनी, टेम्पो कशाला? दादांना रोज गावातून कशाला फिरवता? तुमचेच अंगाचा फाटक कापतो ना. धा मिन्टाचा काम हाय. तो दादांना आडवतो हा मना म्हाईतच नव्हता. आमी समजलो, तो फक्त आमच्यासाठी हाय.”

“रविवारी ये,” एवढंच मी म्हटलं.

रविवारी दुपारी तो आला. बाहेर टेम्पोत गॅसचं सिलिंडर, कापायची बंदूक. बरोबर गोजराबाई, उगाचच, किंवा मुलाने वेडंवाकडं बोलू नये म्हणून. शिवा गॅलरीच्या कठड्यापाशी उभा राहिला. आत ये म्हटलं तरी आला नाही, पायांना काळं लागलंय म्हणाला.

“दादा, तुमची परवानगी पायजेल. तुमी चिटनीस. एक दांडी कापतो, खुर्ची जाईल येवडीच. कोनी इचारला तर माजा नाव सांगा.”

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी. मनात म्हणत होते, हो म्हणा. एवढं एकदा हो म्हणा. उद्या सकाळी साडेसहाला तुम्ही बांधावर असाल. मग मला काही नको.

श्यामसुंदरांनी पेपरची घडी घातली. “शिवा,” ते म्हणाले, “तुम्ही लोकांनी तुमच्या टोकाला केलंत तो गुन्हा आहे. मी अजून तक्रार केली नाही. इथे हात लावलात तर मी स्वतः पोलिसांत जाईन.”

“पन दादा, तो तुमालाच—”

“नियम आहे तो. सरसकट आहे. माझ्यासाठी मोडायचा नाही.”

शिवाने माझ्याकडे पाहिलं. मी कुठे बघू? गोजराबाईने मुलाचा दंड धरला. “चल,” ती म्हणाली. “त्यांना नको हाय.” जाता जाता वळून माझ्याकडे बघून म्हणाली, “बाई, कोलंबी उद्या चांगली येल. ठेवू काय?” मी मान हलवली.

ते गेल्यावर मी यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. लग्नाला तेवीस वर्षं झाली होती, त्यात एवढा राग मला कधी आला नव्हता. “का?” मी विचारलं. “कोणाला दाखवायचंय? त्या कर्णिकाला?”

त्यांनी पेपरची घडी अंगठ्याने दाबली. मग म्हणाले, “त्यानं उघडून दिलेल्या वाटेनं मी रोज जायचं? एकदा त्यानं मला उचललंय. तेवढं पुरे झालं.”

“अहो, पडला होतात म्हणून उचललं.”

“हलके आहात म्हणाला.” एवढं बोलून त्यांनी पेपर पुन्हा उघडला. त्या एका शब्दापायी माझं अख्खं सुख गेलं, हे मला त्या दुपारी कळलं. मला त्यांची कीव आली, आणि ज्याची कीव येते त्या माणसावर रागावताही येत नाही. म्हणजे तेही गेलं.

शिवा टेम्पो घेऊन आल्याची बातमी वॉचमनकडून सोसायटीभर झाली. दुसऱ्या दिवशी कर्णिक आले, यांचा हात दोन्ही हातांत धरून म्हणाले, “याला तत्त्व म्हणतात. आमच्यात दम नाही तुमच्यासारखा.” आणि मग ट्रॅकच्या वर्षपूर्तीला चिटणिसांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचा ठरला.

कार्यक्रम कुठे? अर्थातच ट्रॅकवर. फाटकाच्या आत थोडी ऐसपैस जागा होती, तिथे सतरंजी, खुर्च्या, माईक. मी कर्णिकांना म्हटलं, पार्किंगमध्ये करा. ते म्हणाले, “वहिनी, वर्षपूर्ती ट्रॅकची आहे. पार्किंगमध्ये कशी करायची? आम्ही उचलून घेऊ.” श्यामसुंदर म्हणाले, “उचलायचं नाही. मी फाटकापर्यंत येईन.” आणि सगळ्यांना ते पटलं. मी इथेसुद्धा बघत होते, एकाला तरी खटकतं का.

त्यांनी पांढरा शर्ट घातला. हातमोजे शोधून काढले. उतारापाशी आल्यावर मी मागे राहिले, कारण मला माहीत होतं, हात लावलेला चालत नाही. अर्ध्यावर ते थांबले, पुन्हा जोर केला, पुन्हा थांबले. गॅलरीत बसून दंड पार वाळले होते. कसेबसे वर पोचले तेव्हा ओठ पांढरे पडले होते. फाटकाच्या बाहेर, रेलिंगला टेकून बसले. आत पन्नासएक माणसं आमच्याकडे तोंड करून. भरतीचं पाणी बांधाला लागलेलं, मागे डोंगर स्वच्छ. हवा फार सुंदर होती. ती कोणाच्या सत्कारासाठी थांबत नाही.

कर्णिक बोलले. नियम मोठा की माणूस मोठा, वगैरे. ‘सरसकट’ शब्द त्यांनी इतक्या वेळा वापरला, की तो यांचा आहे हे मी विसरायला लागले. मग शाल घेऊन ते फाटकापाशी आले आणि बाजूच्या रेलिंगवरून वाकले. रेलिंग छातीएवढं, हे खाली बसलेले. शाल यांच्या खांद्यापर्यंत पोचेना. दोनदा प्रयत्न केला, तिसऱ्यांदा ती दांडीत अडकली. कोणी तरी हसलं. कर्णिक म्हणाले, “वहिनी, तुम्हीच या. तुम्ही त्यांच्या वतीने स्वीकारा. अर्धांगिनीच आहात.”

मी चक्रीतून आत गेले. ती फिरली, मी आत. एवढं सोपं होतं. कर्णिकांनी शाल माझ्या अंगावर घातली, नारळ हातात दिला, आणि सगळे उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. मी मागे वळून पाहिलं. दांड्यांच्या पलीकडे श्यामसुंदरही टाळ्या वाजवत होते. वर मान करून, डोळ्यांत पाणी, आणि तोंड खरोखरच आनंदी. ते दुःखी असते तर मी सहन केलं असतं.

“दोन शब्द,” कर्णिकांनी माईक पुढे केला.

मला बरंच बोलायचं होतं. मी म्हटलं, “नमस्कार.” आणि माईक परत दिला.

पेढे झाले, फोटो झाले. लोक ट्रॅकवर पांगले, जोडीजोडीने, हात हलवत. मी बाहेर आले, शाल काढून यांच्या खांद्यांवर टाकली, नारळ मांडीवर दिला. ते उतार उतरले. उतरायला काही लागत नाही. खाली सपाट रस्त्यावर मात्र आमच्या गेटाच्या थोडं अलीकडे एक लहानसा चढ आहे, चढ तरी कसला, पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून केलेला उंचवटा. तिथे खुर्ची थांबली.

मी सवयीने दोन पावलं मागे उभी राहिले. त्यांनी कड्यांना हात घातले, खुर्ची थोडी पुढे गेली आणि मागे आली. पुन्हा पुढे, पुन्हा मागे. नारळ मांडीवरून घरंगळायला लागला तो त्यांनी धरला, आणि हात पुन्हा चाकांकडे नेलेच नाहीत.

“ढकल,” ते म्हणाले.

मी ढकललं. ते खरंच फार हलके झाले होते.